थांबायला लागणारी जागा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



काही वर्षांपूर्वी एका लग्नकार्यासाठी आम्ही मंडळी इंदूरहून महेश्वरला निघालो होतो. भाड्याची मोठी मोटार होती. मी पुढे चालकाशेजारी बसलो होतो. मधल्या बाकावर माझी धाकटी बहीण आणि तिच्या मांडीवर तिची सव्वा वर्षाची नात. मानपूर मागे पडले, उतार सुरू झाला, आणि चालकाने गाडी गियरमधून काढून मोकळी सोडून दिली. मी विचारले, "भैया, न्यूट्रल क्यों किया?" तो हसून म्हणाला, "बाबूजी, ढलान है, डीजल बचता है." मी मागे वळून बहिणीला म्हणालो, "अगं, त्या पोरीला नीट धर." ती म्हणाली, "दादा, घट्ट धरलंय मी तिला. तू पुढे बघ."

दोन्ही उत्तरे मोठ्या आत्मविश्वासाने दिली गेली होती. ज्यांनी दिली ती माणसे शहाणी आणि सावध. चालकाला तो रस्ता पाठ होता, आणि बहिणीने तीन मुले वाढविलेली. तरीही दोन्ही उत्तरे चुकीची होती. मी आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविले. तेव्हा ही उत्तरे का चुकतात, एवढेच आज आपल्यापुढे मांडणार आहे. थोडी आकडेमोड येईल, पण त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसण्याचे कारण नाही.

मोटारीविषयी आपण बोलतो ते बहुधा तिच्या धावण्याविषयी. ती किती पळते, किती इंधन खाते, चढावर दम टाकते की नाही. ती थांबते कशी हे विकत घेणारा क्वचितच विचारतो. ब्रेक दाबला की थांबते, अशी आपली समजूत असते. परंतु चालत्या वस्तूला थांबायचे तर जागा लागते. ही जागा रस्त्यावर मिळाली तर उत्तम. तेथे मिळाली नाही तर ती गाडीच्या पुढच्या पत्र्यात शोधावी लागते. आणि तेथेही मिळाली नाही, तर माणसाच्या बरगड्यांतून आणि कवटीतून ती वसूल केली जाते.

प्रथम रस्त्यावरची जागा पाहू. ताशी ६० किलोमीटर हा वेग आता कोणाला वेगच वाटत नाही. या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर झाडाआडून एकाएकी म्हैस आली असे समजा. डोळ्यांनी ती पाहायची, मेंदूने निर्णय घ्यायचा, पाय उचलून ब्रेकवर ठेवायचा. सावध माणसालाही यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेकला पाय लागण्यापूर्वीच १७ मीटर संपले. त्यानंतर कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि चांगले ब्रेक असतील तर आणखी २० मीटर. एकूण ३७. क्रिकेटची खेळपट्टी साधारण २० मीटरांची असते. दोन खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या तर त्यांत ही गाडी जेमतेम थांबते. भ्रमणध्वनीकडे डोळा गेला असेल, झोप अनावर झाली असेल, तर तो पहिला सेकंद दोनांचा किंवा तिनांचा होतो आणि दर सेकंदाला १७ मीटर वाया जातात.

आता वेग ८० करा. पहिल्या सेकंदात २२ मीटर, ब्रेक लागल्यावर ३६ मीटर, एकूण ५८. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ब्रेकखालचे अंतर पाऊणपटीहूनही अधिक वाढले. याचे कारण, गतिज ऊर्जा वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट, आणि ब्रेकखालचे अंतरही चौपट.

हे सूत्र शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते, आणि सूत्र पाठ झाले की त्याची भीती जाते, असा मला वर्गातला अनुभव आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक कोडे घालीत असे. दोन सारख्या गाड्या शेजारी शेजारी चालल्या आहेत. एक ६० च्या वेगाने, दुसरी ८० च्या. दोन्ही चालकांना समोर आडवा पडलेला ओंडका एकाच क्षणी दिसतो. दोघेही एका सेकंदाने ब्रेक दाबतात. ६० ची गाडी ओंडक्याला टेकता टेकता थांबते. तर मग ८० ची गाडी ओंडक्यावर कोणत्या वेगाने आदळेल? बहुतेक विद्यार्थी म्हणत, २० च्या. फरक तेवढाच आहे. उत्तर आहे ६१! पहिली गाडी ज्या वेगाने निघाली होती, त्याहून किंचित अधिक वेग दुसरीमध्ये अजून शिल्लक आहे. ब्रेक दर मीटरामागे ठराविक ऊर्जा काढून घेतो. ८० च्या गाडीपाशी मुळात ऊर्जा जास्त, तिचे मीटर निर्णय घेण्यातच अधिक खर्च झालेले, आणि ब्रेकच्या वाट्याला उरले जेमतेम १५ मीटर. तेवढ्यात तो फार तर चाळीस टक्के ऊर्जा काढू शकतो.

ही सगळी मात्रा अवलंबून आहे ती घर्षणावर. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण आपल्या हाताच्या पंजाएवढा असतो. चार पंजांएवढ्या रबरावर आपला सगळा संसार उभा असतो. पाऊस पडला, त्यातही मृगाची पहिली सर येऊन रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेल यांचे रबरबाट झाले, की ६० च्या गाडीला ब्रेकखाली २० ऐवजी ३५ मीटर लागतात. टायरचे दात झिजलेले असतील तर त्याहूनही अधिक. ब्रेक गच्च दाबून चाके जाम झाली की ती घसरत जातात, पकड कमी होते, आणि मुख्य म्हणजे स्टिअरिंग फिरवून गाडी वळत नाही. हे टाळण्यासाठी चाक जाम होऊ लागताच ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा धरणारी यंत्रणा १९७८ साली बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी विक्रीच्या गाडीत आणली. तिला आपण ए.बी.एस. म्हणतो. ती चालू झाली की पायाखाली ब्रेक थरथरतो. अनेक जण ही थरथर बिघाडाची समजून नेमक्या त्याच वेळी पाय उचलतात. तसे करू नये, दाबून धरावा.

आता त्या चालकाच्या डिझेलकडे वळतो.

गाडीतली ऊर्जा ब्रेकने नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते. सपाट रस्त्यावर एकदा थांबण्याने ब्रेक थोडे तापतात आणि पुन्हा थंड होतात. घाटाची गोष्ट वेगळी. २५ टन वजनाचा मालट्रक २०० मीटर खाली उतरतो असे धरा. त्याचा वेग वाढू द्यायचा नसेल, तर उंचीमुळे साठलेली सुमारे ४ कोटी ९० लाख ज्यूल ऊर्जा कोठे तरी घालवली पाहिजे. एवढ्या उष्णतेने सुमारे १६५ लिटर पाणी माठातल्या पाण्याच्या तपमानापासून उकळीपर्यंत येईल. ही सगळी उष्णता ब्रेकच्या लोखंडी ड्रमांत ओतायची! ड्रम तापून फुगतो आणि आतल्या ब्रेकशूपासून दूर सरतो. लायनर तापला की त्याचे घर्षण उतरते. लहान गाड्यांच्या नळ्यांतले तेल उकळू लागले तर पायाखालचा ब्रेक एकदम पोकळ लागतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात "ब्रेक फेल झाल्याने" असे छापून येते. वास्तविक पुष्कळदा ब्रेक मोडलेला नसतो. त्याच्याकडून त्याच्या कुवतीबाहेरचे काम मागितलेले असते.

राऊ ते खलघाट या रस्त्यावरचा धार जिल्ह्यातला गणपती घाट अशा दुर्घटनांसाठी आमच्या भागात कुप्रसिद्ध झाला होता. उतारावर बेफाम झालेले ट्रक पुढच्या गाड्यांवर आदळत, पेट घेत. अखेर त्या घाटाला वळसा घालणारा, कमी उताराचा नवा रस्ता बांधावा लागला. तो २०२४ च्या अखेरीस सुरू झाला. उतार कमी आणि लांबी जास्त म्हणजे काय? तर तीच उष्णता अधिक वेळात बाहेर टाकायला मिळणे. अभियंत्यांनी येथेही जागाच विकत घेतली, असे मी म्हणेन.

घाटातल्या या उष्णतेचा मोठा वाटा ब्रेकऐवजी इंजिनाने उचलावा, म्हणून जुने चालक सांगत की ज्या गियरमध्ये घाट चढाल त्याच गियरमध्ये उतरा. गियरमध्ये असताना इंजिन चाकांना मागे ओढून धरते. न्यूट्रल केले की हा हात सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आणि डिझेल? आजकालच्या गाड्यांत गियरमध्ये राहून पेडलवरचा पाय काढला, की इंजिनाला जाणारे इंधन यंत्रणाच बंद करते. चाकेच इंजिनाला फिरवितात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतः चालू ठेवण्यासाठी थोडे इंधन जळतच राहते. म्हणजे जी बचत म्हणून चालक घाटात गाडी मोकळी सोडतो, ती बचतही खरी नाही. मी हे त्याला सांगितले. त्याला ते पटले असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले नाही, पण म्हाताऱ्याचे मन राखायचे म्हणून त्याने तिसरा गियर टाकला. मला तेवढे पुरेसे होते.

रस्त्यावरची जागा संपली, आणि टक्कर झालीच, तर?

६० च्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे १४ मीटर उंचीवरून, चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मधून, खाली पडण्यासारखे आहे. १०० च्या वेगाने आदळणे म्हणजे तेराव्या मजल्यावरून. एवढ्या उंचीवरून पडून माणूस वाचेल काय? ह्यू डीहेवन या अमेरिकन गृहस्थाने हाच प्रश्न विचारला होता. १९१७ साली तो रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिकाऊ वैमानिक असताना त्याचे विमान हवेतच दुसऱ्या विमानावर आदळून कोसळले. तो वाचला, पण पोटात गंभीर इजा झाली; आणि ती कमरपट्ट्याच्या टोकदार बकलामुळे झाली, हे त्याच्या मनातून कधी गेले नाही. पुढे त्याने ५० ते १५० फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांची प्रकरणे जमवून त्यांची तपासणी केली, आणि १९४२ साली ती प्रसिद्ध केली. ही माणसे दैवाने वाचली असे लोक म्हणत. डीहेवनला दिसले की ती जेथे पडली तेथील वस्तू दबलेली होती. कोठे नुकतीच खणलेली माती, कोठे मोटारीचे टप. काही सेंटिमीटरांचे दबणे. पण थांबायला तेवढी जागा मिळाली होती.

यात चमत्कार नाही. झाडावरचे आंबे खाली गोणपाट ताणून झेलणारी मुले हेच करतात. आंबा जमिनीवर पडला तरी थांबतो आणि गोणपाटावर पडला तरी थांबतो. वेग तोच, वजन तेच. फरक फक्त किती अंतरात थांबला याचा. अंतर दहापट झाले की आघात एक दशांश होतो.

मनुष्यदेह कितपत आघात सोसतो, हे अमेरिकन वायुदलातील वैद्यक अधिकारी जॉन पॉल स्टॅप याने स्वतःच्या देहावर अजमावून पाहिले. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील होलोमन तळावर, रुळांवरून अग्निबाणांनी ढकलल्या जाणाऱ्या गाड्यावर तो स्वतः पट्ट्यांनी आवळून बसला. गाड्याने ताशी १,०१७ किलोमीटरांचा वेग गाठला आणि तो १.४ सेकंदात थांबविण्यात आला. त्या क्षणी त्याच्या देहावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट जोर आला. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले, पण तो बरा झाला आणि १९९९ पर्यंत, वयाच्या ८९ व्या वर्षापर्यंत जगला. वायुदलाची माणसे विमानांपेक्षा मोटारींच्या अपघातांत अधिक दगावतात, असे त्याच्या ध्यानात आले, आणि उरलेली कारकीर्द त्याने मोटारीत पट्टे असावेत या खटपटीत घालविली. नीट बांधलेला देह पुष्कळ सोसतो. सैल सुटलेला देह सोशीत नाही.

येथे मला आपल्याकडची एक आवडती तक्रार आठवते. "पूर्वीच्या गाड्या काय मजबूत! आताच्या म्हणजे नुसता पत्रा. बोटाने दाबला तरी दबतो." माझे एक काका आपल्या जुन्या मोटारीला अभिमानाने रणगाडा म्हणत. मजबूत म्हणजे न दबणारी, असा त्यांचा हिशेब. परंतु गाडी दबली नाही तर तिच्या आतल्यांना थांबायला जागा कोठून मिळणार? मर्सिडीज-बेंझ कंपनीतील अभियंता बेला बारेनी याने १९५० नंतरच्या काळात हा विचार उलटा करून पाहिला. प्रवासी बसतात तो मधला भाग पिंजऱ्यासारखा कणखर ठेवावा, आणि पुढचा व मागचा भाग मुद्दाम चुरडण्यासाठी करावा. १९५९ साली या कल्पनेवर बांधलेल्या गाड्या रस्त्यावर आल्या.

याची प्रत्यक्ष परीक्षा पुढे झाली. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २००९ साली आपल्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने दोन शेव्हरोले गाड्या एकमेकींवर आदळविल्या: एक १९५९ ची लांबलचक, जाडजूड बेल एअर, आणि दुसरी २००९ ची मॅलिबू. वेग ताशी ६४ किलोमीटर. जुन्या गाडीचा मधला भागच कोसळला आणि तिच्यातला माणसाच्या आकाराचा पुतळा चेंगरला. खरा माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीचे नाक पार गेले, पण दार आणि छप्पर जागच्या जागी राहिले. आतल्या पुतळ्याच्या पायाला किरकोळ दुखापत, इतकेच. माझे काका ते चित्रण पाहायला हवे होते.

आता गाडीच्या आत येऊ. ६० च्या वेगाने गाडी भिंतीवर आदळली आणि तिचे नाक ६० सेंटिमीटर चुरडले, तर ती सेकंदाच्या सुमारे सात शतांश भागात थांबते. परंतु थांबते ती गाडी. आतला माणूस न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे अजून ६० च्या वेगाने पुढे चाललेला असतो. ही दुसरी टक्कर. तो समोरच्या फळीवर किंवा काचेवर आदळून पाचेक सेंटिमीटरांत थांबतो, आणि त्याच्यावर वजनाच्या २८० पट जोर येतो. तो थांबल्यावरही त्याचा मेंदू कवटीत पुढे जातो, हृदयापासून निघालेली महारोहिणी ताणली जाते. ही तिसरी. बाहेरून जखम नसताना माणूस का गेला, असे जे आपण कधी कधी ऐकतो त्यामागे ही तिसरी टक्कर असते.

पट्टा काय करतो? तो माणसाला गाडीच्या मधल्या भागाशी बांधतो. मग गाडीच्या नाकातली ६० सेंटिमीटर जागा त्याच्याही उपयोगी पडते, आणि पट्टा थोडा ताणून आणखी ३० सेंटिमीटर देतो. एकूण ९०. जोर वजनाच्या १६ पटींवर येतो. स्टॅपने ४६ पट सोसला होता हे आठवा. कमरेवरून आणि खांद्यावरून, म्हणजे जेथे हाडे बळकट आहेत तेथून, जाणारा आणि एका हाताने लावता येणारा तीन टोकांचा पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत निल्स बोलिन याने सिद्ध केला. तो आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांचे काम करीत होता. १९५९ साली हा पट्टा गाड्यांत आला, आणि कंपनीने इतर कारखानदारांनाही तो वापरण्याची मुभा दिली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली पट्टा लावणे कायद्याने सक्तीचे केले. जगात ते पहिले.

हवेची पिशवी पट्ट्याची जागा घेत नाही. ती पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळात फुगते, आणि तिच्यावर डोके हळुवार टेकावे अशी अपेक्षा असते. पट्टा न लावलेला माणूस ती फुगत असतानाच तिच्यावर जाऊन पडतो.

आणि मांडीवरचे मूल? सव्वा वर्षाच्या त्या पोरीचे वजन १० किलो होते. गाडी सात शतांश सेकंदात थांबताना तिच्यावर येणारा जोर वजनाच्या २४ पट. म्हणजे माझ्या बहिणीच्या हातांना त्या क्षणी जवळजवळ अडीच क्विंटल, धान्याची भरलेली अडीच पोती, एकाएकी पुढे ओढली जाताना धरून ठेवावी लागली असती. तीही ती स्वतः बांधलेली असती तर. ती बांधलेली नव्हती. तिचे ६० किलो वजन पोरीच्या मागोमाग आले असते आणि मधे पोर सापडली असती. मायेच्या मिठीत बळ नाही असे मी म्हणत नाही. अडीच क्विंटलांचे नाही, एवढेच.

मागच्या बाकाला पट्टा कशाला, हा समज तर शिकल्यासवरल्या घरांतही पक्का आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबादहून मुंबईकडे येणारी एक महागडी, सर्व सुरक्षा-साधनांनी युक्त मोटार पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावरच्या कठड्यावर आदळली. पुढे बसलेली दोघे गंभीर जखमी झाली, पण वाचली. मागे बसलेले दोघे, त्यांत टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री, जागीच गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागचा माणूस बांधलेला नसला की तो पुढच्या खुर्चीच्या पाठीवर आदळतो, आणि पुढच्यालाही धोका होतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता. मागच्या बाकावरही पट्टा लावणे कायद्याने आवश्यक आहे, आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या खास खुर्चीत बांधले नाही तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे एक हजार रुपये दंड आहे. आपण यावर तोड काढली! पट्टा न लावता नुसती लोखंडी जीभ खाचेत खुपसायची, म्हणजे सूचनेची घंटा बंद होते. अशा जिभा बाजारात राजरोस मिळू लागल्या, तेव्हा २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला इंटरनेटवरील दुकानांविरुद्ध आदेश काढावे लागले.

जाता जाता एक गैरसमज. दोन सारख्या गाड्या प्रत्येकी ६० च्या वेगाने समोरासमोर आदळल्या, तर तो १२० चा आघात झाला असे लोक म्हणतात. तसे नाही. वेग दोन आहेत, तसे चुरडायला नाकेही दोन आहेत. प्रत्येक गाडीला ६० ने भिंतीवर आदळल्यासारखेच भासते. मात्र समोर २० टनी ट्रक असेल आणि आपली गाडी एक टनाची, तर हिशेब बदलतो. ट्रक जवळपास तसाच पुढे येतो आणि आपली गाडी मागे ढकलली जाते. तिचा वेग क्षणात सुमारे ११४ ने बदलतो. उभ्या ट्रकखाली मागून गाडी शिरली तर त्याहून वाईट. तेथे चुरडण्यासाठी केलेले नाक ट्रकच्या खालून निसटते आणि पहिली टक्कर काचेची होते. ट्रकच्या मागे आडवा लोखंडी दांडा लावतात तो शोभेसाठी नव्हे.

दुचाकीवाल्याला तर ना नाक, ना पिंजरा. त्याला थांबायला जी काही जागा मिळते ती शिरस्त्राणाच्या आतल्या थर्माकोलसारख्या अस्तराची, दोन-तीन सेंटिमीटर. ते अस्तर दबून फुटते आणि डोक्याच्या वाट्याचा मार स्वतः घेते. म्हणून एकदा आपटलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी टाकून द्यावे, आणि नुसत्या कवचाची टोपी घालून फिरू नये. हनुवटीखालचा पट्टा न बांधता ते नुसते डोक्यावर ठेवणारे लोक तर मला कोडेच वाटतात.

लग्न पार पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची तयारी सुरू असताना मी चालकाला घेऊन मधल्या बाकाचे झाकण काढविले. पट्ट्यांच्या खाचा गादीखाली दडपलेल्या होत्या. बिस्किटांचा चुरा, एक केसातली पिन आणि दहा रुपयांचे नाणे, यांच्या खाली त्या सापडल्या. चालकाच्या स्वतःच्या खाचेत तीच ती लोखंडी जीभ बसविलेली होती. ती त्याने मुकाट्याने काढून खिशात टाकली. पोरीसाठी मात्र पट्टा उपयोगाचा नव्हता. तिचा बाप, म्हणजे माझा भाचा, त्या दिवशी इंदूरहून निघायचा होता. त्याच्या घरी बाळाची खुर्ची माळ्यावर, खोक्यातच पडून होती. ती काढून घेऊन ये, असे त्याला दूरध्वनीवर सांगितले. त्यापायी आमचा निघायला दुपार झाली, आणि बहीण माझ्यावर चांगलीच रागावली. खुर्चीत बांधल्यावर पोरीने धामनोदपर्यंत आक्रोश केला. मग ती झोपली. गुजरी गेले, चढ सुरू झाला, चालकाने दुसरा गियर टाकला, तरी झोपलेलीच होती.